आजाराला तुम्ही काय म्हणता?

माणसाचे मन संस्कृतीत घडते, हे सर्वमान्य आहे. त्याचे दुखणेही तिच्यातच अर्थ घेते काय, हा प्रश्न अमेरिकन लेखिका अ‍ॅन फॅडिमन यांच्या ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ (१९९७) या ग्रंथाने आमच्यापुढे ठेवला.

लाओसहून निर्वासित होऊन कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे आलेल्या ह्मोंग कुटुंबात १९८२ साली लिया ली जन्मली. काही महिन्यांतच तिला फेफऱ्याचे झटके येऊ लागले. डॉक्टरांच्या लेखी तो मेंदूचा विकार. आईवडिलांच्या लेखी दार आपटल्याने भेदरलेला आत्मा देह सोडून गेला होता. अशी व्यक्ती पुढे भगत होऊ शकते, म्हणून त्यांच्या काळजीत थोडा अभिमानही होता. एकमेकांची भाषा कळेना. चार वर्षांच्या आत औषधयोजना २३ वेळा बदलली. औषधे दिली जात नाहीत म्हणून न्यायालयाच्या आदेशाने मुलीला काही महिने परक्या घरी ठेवण्यात आले. १९८६ च्या भीषण झटक्यानंतर तिची जाणीव लोपली. डॉक्टरांनी आशा सोडली. घरच्यांनी तिला २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत मायेने सांभाळले.

या ग्रंथात डॉक्टर निष्ठुर नाहीत आणि आईवडील अडाणी नाहीत, हे त्याचे मोठेपण. ह्मोंग भाषेत भावनांचे स्थान यकृत आहे, हे वाचून आम्हांस हसू येऊ नये. आमचेही काळीज तुटते, आणि खाटकाकडे काळीज म्हणजे यकृतच!

मात्र एका ठिकाणी आमचा मतभेद आहे. शेवटच्या झटक्यामागे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग होता व एका औषधाने मुलीची प्रतिकारशक्ती खालावली असावी, असे मत एका तज्ज्ञाने दिल्याचे लेखिकाच नोंदवते. तरीही अखेरीस ती सारा दोष सांस्कृतिक गैरसमजावर ठेवते. संस्कृती आजाराला नाव व अर्थ देते. जंतूंचे काम ती करीत नाही. ‘त्यांची संस्कृतीच तशी’ असे एकदा म्हटले की गरिबाच्या तपासणीतील उणीव सहज झाकली जाते. आमच्या धर्मग्रामांतही हे दोन्ही धोके आहेत: दृष्ट लागली म्हणणाऱ्या आजीला हसून गप्प करणे, आणि नोव्हेनावर विसंबून गोळ्या बंद करणे.

आजाराला तुम्ही काय म्हणता, तो कशाने झाला, त्यात कशाची भीती वाटते, असे आठ प्रश्न मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी सुचविले, ते ग्रंथात आले आहेत. शुभवर्तमानाच्या वाचकांना ही रीत अपरिचित नाही. बार्तीमयाचे अंधत्व उघड दिसत असूनही ख्रिस्ताने त्याला काय हवे ते आधी विचारले. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टराने, नातलगाने आणि आम्हां धर्मगुरूंनीही, प्रार्थनेपूर्वी व औषधापूर्वी एवढे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.