थरथरीची नक्षी

लेथवर कातलेल्या लाकडावर नक्षी उमटवण्याची अवजारे घरच्या घरी कशी करावीत, हे सांगणारी पुस्तके आणि चित्रफिती आता पुष्कळ आहेत. हे साहित्य मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या हौशी कातारींसाठी तयार झालेले आहे. त्यातले जे आमच्या पाहण्यात आले, त्यात एक गोष्ट खटकली. अवजार कसे करावे हे मापांसह सांगितलेले असते. नक्षी तशीच का उमटते, याबद्दल मात्र अवाक्षर नसते.

या साहित्यात तीन अवजारे पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले म्हणजे साधी पोलादी तार. फिरत्या लाकडावरच्या बारीक खाचेत ती दाबून धरली की घर्षणाने लाकूड करपते आणि काळी रेघ उमटते. दुसरे, दांड्याच्या टोकाला मोकळे फिरणारे दातेरी चाक. ते लाकडाबरोबर फिरते आणि दात्यांचे ठसे उमटवत जाते. तिसरे, लवचीक पाते. जुन्या हातकरवतीच्या पात्याची अरुंद पट्टी कापून तिचे टोक घासतात आणि ती जाड दांड्यात घट्ट बसवतात. घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर ते टोक हलकेच टेकवले की पाते थरथरते आणि प्रत्येक थरथरीची एक खूण उमटते.

तारेची रेघ साधी, पण प्रामाणिक आहे. घर्षणातून उष्णता कशी निर्माण होते, ते ती दाखवते. दातेरी चाक हा शेवटी शिक्काच. त्याची नक्षी त्याच्या दात्यांतच ठरलेली असते, आणि पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडात तर तंतू दबून ठसा विस्कटतो. शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे ते थरथरत्या पात्यात, आणि पुस्तके सर्वांत कमी बोलतात तीही त्याच्याबद्दलच. ‘पाते थोडे पुढेमागे करून पाहा, सरावाने जमेल’, एवढ्यावरच त्यांचे स्पष्टीकरण संपते.

वास्तविक यात गणित आहे आणि ते अवघड नाही. एका टोकाला आवळलेल्या पट्टीची वारंवारता तिच्या जाडीच्या सम प्रमाणात आणि मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ०.८ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी दांड्याबाहेर ४० मिलिमीटर असेल, तर ती सेकंदाला सुमारे ४०० वेळा कंप पावते. लेथ मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे झाले. म्हणजे एका फेऱ्यात सुमारे २० खुणा. पाते लाकडाला टेकल्यावर हा आकडा दाब, धार आणि लाकूड यांच्यामुळे बदलतो; पण अंदाजाला सुरुवात करायला तो पुरेसा आहे.

खरी गंमत त्यापुढे आहे. पाते कडेकडून मध्याकडे सावकाश सरकत असते. एका फेऱ्यात बरोबर २० खुणा पडल्या, तर त्या एकीखाली एक येऊन चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. संख्या किंचित कमीजास्त झाली की प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि आऱ्या वळून मळसूत्री होतात. साडेवीस झाल्या, तर नव्या खुणा आधीच्या ओळीतल्या फटींसमोर येतात. ज्या नक्षीला पुस्तके ‘हाताची जादू’ म्हणून सोडून देतात, ती अशी एका अपूर्णांकावर अवलंबून असते.

लंडनच्या होल्टझाफेल पिता-पुत्रांनी कातकामावर पाच खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १८४३ साली निघाला. त्यांच्या शोभिवंत लेथवरची नक्षी दातेरी चाके आणि साचे यांनी आधीच ठरत असे, आणि तो हिशेब वाचकाला समजावून सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. धातू कापणाऱ्या कारागिराला हीच थरथर नकोशी असते. फ्रेडरिक टेलरने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिच्याशी झुंज दिली आहे. एकाचा दोष दुसऱ्याची नक्षी कसा होतो, हे सांगण्याची संधी आजची पुस्तके दवडतात.

आणखी दोन आक्षेप नोंदवले पाहिजेत. नक्षी हे ओबडधोबड काम झाकण्याचे साधन आहे, असा सूर काही ठिकाणी असतो. आम्हांला तो मान्य नाही. डबीच्या झाकणावर दोन बारीक खाचांमध्ये बसवलेला अरुंद पट्टा शोभतो. सगळी डबी खुणांनी भरली की आकारच हरवतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या कानशीपासून अवजार करा, हा सल्ला धोक्याचा आहे. कानशीचे पोलाद ठिसूळ असते. फिरत्या लाकडाने झटका दिला तर तिचा तुकडा उडू शकतो. तारही बोटांभोवती गुंडाळायची नसते. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यात.

एका शालेय प्रदर्शनात अशीच नक्षी असलेली डबी आमच्या पाहण्यात आली. ‘खुणा एवढ्याच का?’ असे विचारल्यावर विद्यार्थी म्हणाला, ‘असेच होते.’ दोष त्याचा नव्हता. त्याच्या हातात कृती दिली होती, प्रश्न दिला नव्हता. लेथ शिक्षकांनी किंवा जाणत्या कातारीने चालवावा, मोजणी मुलांनी करावी. पात्याची मोकळी लांबी ४० ऐवजी ३० मिलिमीटर केली तर खुणा किती होतील, हे पाते टेकवण्यापूर्वीच फळ्यावर लिहून ठेवावे.