दुधाचं ऋण आणि दुधाचे कष्ट

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना बाई मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके या तरुणाने लुगडं नेसून तारामती उभी केली आणि तिचा रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. आपल्या कथापटातली पहिली आई अशी पुरुषाच्या अंगाने पडद्यावर आली. पाठोपाठच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामं केली आणि स्त्रियांचा तो प्रश्न सुटायला लागला. आईच्या शरीराचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. आपल्या सिनेमाने आईचा चेहरा दाखवला, तिचे अश्रू दाखवले, पोळ्या लाटणारे हात दाखवले. बाळंत झालेलं, टाके दुखणारं, दुधाने दाटलेलं, झोपेवाचून शिणलेलं तिचं शरीर मात्र त्याने सतत चौकटीबाहेर ठेवलं.

हिंदी सिनेमात आईच्या दुधाचा उल्लेख कमी नाही. उलट कोणत्याही देशाच्या सिनेमात नसेल इतका तो आहे. खलनायकाला आव्हान द्यायचं तर आईचं दूध प्यायल्याची आठवण करून द्यायची, लढाईला निघालेल्या मुलाने त्या दुधाची लाज राखायची, सूड घेतल्यावर दुधाचं कर्ज फिटलं असं समजायचं. १९९०च्या ‘दूध का कर्ज’मध्ये तर आईच्या दुधावर वाढलेला नागही त्या कर्जाचा वाटेकरी होतो. या सगळ्यांत दूध आहे ते भूतकाळातलं. ते कधीतरी पाजून झालेलं आहे आणि आता त्याची वसुली चालू आहे. आई पांढऱ्या केसांची, मुलगा सहा फुटांचा. पाजण्याचे महिने गोष्टीच्या आधीच संपलेले असतात.

ते कुठे संपतात, हेही पाहण्यासारखं आहे. बंद दार, बाहेर येरझारा घालणारा नवरा, आतून एक किंकाळी, मग टॅहॅ, मग सुईणीचा हसरा चेहरा. पुढच्या प्रसंगात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ येतं, जे नवजात म्हणून दाखवलेलं असलं तरी चांगलं चार-पाच महिन्यांचं, मान धरलेलं असतं. त्यानंतर पोरगं धावायला लागतं, धावता धावता त्याच्या पावलांची नायकाची पावलं होतात आणि श्रेयनामावली सुरू होते. बाईच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड दोन वर्षं संकलकाच्या एका कापात जातात. ही सवय इतकी मुरलेली आहे की प्रेक्षक म्हणून आपल्यालाही काही गाळलं गेल्याचं जाणवत नाही.

मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’ला (१९५७) मी या परंपरेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत प्रामाणिक चित्रपट मानतो. नर्गिसची राधा स्वतःला नांगराला जुंपते, पुराच्या पाण्यात मुलांना खांद्यावर तोलून धरते. इथे आईला अंग आहे, त्या अंगाला चिखल आहे, थकवा आहे. सावकाराच्या दारात तिला नेते ती मुलांची भूक. पण शेवटी राधाचं शरीर गावाचं, देशाचं प्रतीक होतं आणि बिरजूवर गोळी झाडणारी आई गावाच्या लेकीबाळींची अब्रू राखणारी देवता ठरते. ‘दीवार’मधली (१९७५) आई इमारतींच्या बांधकामावर विटा वाहते, तेव्हाही तिच्या श्रमाची किंमत मुलांच्या भांडणात ठरते. आईचे कष्ट दिसतात, पण ते मुलाच्या हिशेबाच्या वहीत मांडलेले.

मराठीत ही वही संस्कारांची झाली. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालाबाईंचा संयत अभिनय आजही पाहताना गळा दाटून येतो, आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांना ती गोष्ट पुन्हा, तीही कृष्णधवल रंगात सांगावीशी वाटली यात त्या आईचं सामर्थ्य आहे. तरी ही गोष्ट सांगतो श्याम. आई दिसते ती त्याला आठवते तेवढीच. मुलाला आपण अंगावर प्यायलो ते दिवस आठवत नाहीत, त्यामुळे मुलाच्या आठवणीतून सांगितलेल्या आईच्या गोष्टीत ते दिवस कधीच येणार नाहीत. आईचं शरीर तिथे येतं ते आजारपणात आणि मृत्यूत. आपल्या पडद्यावरचं मातृत्व बहुतेक वेळा मुलाच्या आठवणीतलं आहे. मर्यादेचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं.

याला उत्तर ठरू शकेल अशी गोष्ट महाराष्ट्राकडे आधीपासून आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, कोजागिरीची रात्र, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे आणि पायथ्याच्या घरी भुकेलेलं तान्हं. तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे. एसटीच्या स्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या असतात त्यांनाही आपण हिरकणी कक्ष म्हणतो. प्रसाद ओक यांनी २०१९ मध्ये सोनाली कुलकर्णीला घेऊन ‘हिरकणी’ केला तेव्हा माझी अपेक्षा मोठी होती. चित्रपटाने कडा उतरणं मेहनतीने उभं केलं आहे. अंधार, सुळके, श्वापदं, सगळं आहे. पण कडा उतरायचं कारण तिच्या अंगातच असतं. दिवसभर बाळाला न पाजलेल्या बाईची छाती दगडासारखी होते, कुठल्याही बाळाच्या रडण्याने पान्हा फुटतो, चोळी भिजते, ताप चढतो. बाळाच्या भुकेची वेळ तिला घड्याळावाचून कळते. ही वेदना आणि ही ओढ पडद्यावर आली असती, तर वाघ-सापांवाचूनही तो कडा भयंकर वाटला असता. आपण हिरकणीचं धाडस गौरवलं आणि त्याच्या मुळाशी असलेल्या शरीरधर्माकडे लाजून पाठ फिरवली.

ही लाज कुठून येते, ते सांगायला राज कपूर यांचा ‘राम तेरी गंगा मैली’ (१९८५) पुरेसा आहे. प्रवासात गंगा बाळाला अंगावर घेते. गोष्टीत या क्षणाला पूर्ण जागा आहे: डोंगरातली एकटी मुलगी, भुकेलं मूल, नवऱ्याचा शोध. प्रसंग करुण व्हावा अशीच मांडणी आहे. पण धबधब्याखालच्या त्या गाण्यात कॅमेऱ्याने मंदाकिनीच्या शरीराकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर इथेही सुटत नाही. परिणामी लोकांच्या तोंडी राहिला तो वाद; ती आई आणि तिचं भुकेलं मूल मागे पडलं. यातून पुढच्यांनी चुकीचा धडा घेतला. दोष कॅमेऱ्याच्या जागेचा होता आणि सिनेमाने प्रसंगच वर्ज्य ठरवला. मंदिरातली मूर्ती किंवा भोगाची वस्तू, या दोन टोकांमध्ये साधी पाजणारी बाई बसू शकेल अशी जागाच राहिली नाही.

त्या नजरेवरच बोट ठेवणारा एक चित्रपट मात्र झाला. महाश्वेतादेवींच्या कथेवर इटालियन दिग्दर्शक इतालो स्पिनेली यांनी २०१० मध्ये ‘गंगोर’ केला. पुरुलियात आलेला छायाचित्रकार उपिन मूल पाजणाऱ्या आदिवासी गंगोरचा फोटो काढतो. त्याचा हेतू वाईट नाही. त्याला शोषण जगासमोर आणायचं आहे. फोटो छापून येतो आणि गंगोरचं आयुष्य उद्ध्वस्त होतं; रक्षण करायचं त्या पोलिसांकडूनच तिच्यावर अत्याचार होतो. बाळाला पाजणं ही तिची रोजची, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली गोष्ट होती. तिला बातमी केली ती बाहेरून आलेल्या डोळ्याने. कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा, कारण सहानुभूतीही किती हिंसक होऊ शकते हे तो दाखवतो.

काही मराठी दिग्दर्शकांनी या कोंडीतून वाटा काढल्या, आणि त्यांचं मोल मोठं आहे. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मधली (१९८२) सुलभा लहान मुलीला जावेच्या हवाली करून महिलाश्रमाच्या कामाला जाते. स्मिता पाटीलने त्या बाईला ना खलनायिका केलं, ना हुतात्मा. मुलीपासून तुटण्याचं दुःख आणि कामाची भूक एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी वागवणारी आई मराठी पडद्यावर त्याआधी अशी ठळकपणे आली नव्हती. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ने विदर्भातल्या गरीब बाईचं भाड्याने दिलेलं गर्भाशय विषय म्हणून घेतलं, तेव्हा परदेशी जोडप्यांसाठी मुलं जन्माला घालणं हा भारतात राजरोस व्यवसाय होता. व्यापारी सरोगसीवर बंदी आली ती २०२१च्या कायद्याने. करारात गर्भाशय येतं, पण बाळंतपणानंतर उतरणारं दूध कोणत्याही कलमात बसत नाही, हा पेच त्या कथेच्या पोटातच आहे. तिच्यावरून हिंदीत ‘मिमी’ (२०२१) झाला. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’मधली (२०१८) यमुना मुलाच्या शिक्षणासाठी कलामहाविद्यालयात विवस्त्र मॉडेल म्हणून बसते आणि आईलाही देह असतो हे वाक्य आपल्या तोंडावर फेकते. २०१७च्या इफ्फीत निवड होऊनही तो गोव्यात दाखवू दिला गेला नाही, यावरून त्या वाक्याची धग कळते.

माझ्या लेखी सर्वांत खोल गेला तो ‘नाळ’ (२०१८). सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या या चित्रपटात चैत्याला कळतं की आपली आई आपली जन्मदाती नव्हे. त्याच सुमारास गोठ्यात एक पिल्लू मरतं आणि त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते आईसमोर उभं केलं जातं, म्हणजे ती त्याला चाटेल आणि पान्हा सोडेल. खेड्यात जनावरं पाळणाऱ्यांना ही रीत ठाऊक असते. दिग्दर्शक तिच्यावर भाष्य करत नाही. चैत्या पाहतो, आपणही पाहतो, आणि आई म्हणजे रक्त की सवय, वास की स्पर्श, हा प्रश्न पोटात कालवाकालव करत राहतो. देविका दफ्तरदारची आई या मुलाला जन्म न देताही त्याच्यासाठी पाझरते. पान्ह्याबद्दल मराठी सिनेमाने म्हटलेली सर्वांत खरी गोष्ट त्याला जनावराच्या मदतीने म्हणावी लागली, हेही इथे नोंदवायला हवं.

मल्याळममध्ये ब्लेसी यांनी ‘कलिमण्णु’त (२०१३) श्वेता मेननची खरी प्रसूती चित्रित केली आणि त्यावर गदारोळ झाला. अंजली मेनन यांच्या ‘वंडर विमेन’मध्ये (२०२२) गर्भवती बायका एका वर्गात जमून मोकळेपणाने बोलतात, त्यांत आपली अमृता सुभाषही आहे. परदेशातही वाट सरळ नव्हती. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चा शेवट उपासमारीने मरायला टेकलेल्या परक्या माणसाला अंगावर पाजणाऱ्या तरुण बाईने होतो, जॉन फोर्डने १९४० मध्ये चित्रपट केला तेव्हा तो शेवट आलाच नाही. ‘टली’मध्ये (२०१८) चार्लीझ थेरॉनची आई रात्रीमागून रात्री पाजते, लंगोट बदलते, पंपाने दूध काढते, त्या पुनरावृत्तीतूनच तिचं मन कसं ढासळतं ते कळतं. दानिस तानोविच यांच्या ‘टायगर्स’मध्ये (२०१४) इमरान हाश्मीचा विक्री प्रतिनिधी पाकिस्तानात डॉक्टरांच्या गळी पावडरचं दूध उतरवतो आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेल्या त्या दुधाने मुलं मरताना पाहतो. दुधामागे केवढं अर्थकारण आहे, ते या चित्रपटात दिसतं. भारतात अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या सिनेमातल्या बाळाच्या हाती मात्र बाटली बिनदिक्कत असते, कारण ती धरायला सोपी आणि दाखवायला सोज्वळ.

पाजण्याच्या प्रसंगात काय नाट्य असणार, असं विचारणाऱ्यांनी एकदा नीट पाहावं. पहिल्या दिवसांत बाळाला धरता येत नाही. त्याच्या तोंडात नुसतं स्तनाग्र गेलं तर चिरा पडतात आणि आई ओठ चावून कळ सोसते. भोवतीचा काळसर भागही तोंडात गेला की जबडा लयीत हलू लागतो आणि घोट गिळल्याचा आवाज येतो. त्याच वेळी तिच्या पोटात गर्भाशय आकसल्याची कळ उठते, तिला कडकडून तहान लागते, दुसऱ्या बाजूनेही दूध ओघळून पदर भिजतो. शेजारी सासू म्हणत असते, दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. कोणी हळिवाची खीर पुढे करतं, कोणी चीक पिळून टाकायला सांगतं. दिवसातून आठ-दहा वेळा हे घडतं, रात्रीही. यश-अपयश, दुखणं, अधिकाराचे झगडे, प्रेम, वैताग: पटकथाकाराला आणखी काय हवं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं देशात सुमारे ४२ टक्केच आहेत. उरलेल्यांच्या त्या पहिल्या तासात काय झालं, यात शेकडो गोष्टी आहेत.

विषयांची वाण नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. एका आईचं दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जगवतं, हे कथानक मुंबईच्या मध्यावर उभं आहे. ऊसतोडीला गेलेली बाळंतीण फडाच्या कडेला झोळी बांधते आणि मोळ्यांच्या मध्ये पाजायला येते. आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाला तान्ह्याला घेऊन आल्या, तेव्हा बाळंतीण आणि कामाची जागा हा प्रश्न थेट विधिमंडळात पोहोचला. जिला दूध आलंच नाही आणि जिला त्याबद्दल आयुष्यभर टोचलं गेलं, तिचीही गोष्ट सांगायची आहे. पाजणं म्हणजेच आईपण असं ठरवून टाकणारा सिनेमा मला जुन्या सिनेमाइतकाच नकोसा वाटेल.

त्यासाठी करायचं काय, तेही अवघड नाही. कॅमेरा मुलाच्या आठवणीतून काढून आईच्या खांद्याजवळ आणावा, म्हणजे तिला दिसतं ते आपल्याला दिसेल. प्रसंगाला त्याचा वेळ द्यावा, कारण वीस मिनिटांचं काम दोन सेकंदांत दाखवलं की ते प्रतीक होतं. अभिनेत्रीशी आधी मोकळेपणाने बोलून काय दिसेल, काय दिसणार नाही हे ठरवावं. बाळाच्या झोपेभुकेप्रमाणे चित्रीकरणाच्या वेळा लावाव्यात. लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी प्रसूतीनंतरच्या वॉर्डातल्या परिचारिकांशी आणि आयांशी बोलावं. आईच्या उपकारांचं गाणं आपण शंभर वर्षं गायलो. आता तिच्या कामाकडे पाहण्याची जबाबदारी आहे आणि ती सर्वांत आधी मराठी सिनेमाने घ्यावी, कारण पाजण्यासाठी कडा उतरलेल्या बाईला आपल्या इतिहासात मानाचं पान देणारे आपणच आहोत.