जॅझ गिटारची तार आणि तानपुऱ्याची जवारी : एक तुलनात्मक विचार

वाद्यांच्या तारांविषयी लिहिताना ‘मधुर’, ‘भारदार’ अशी विशेषणे सर्रास योजली जातात. परंतु तारेचे मूल्यमापन संगीतपद्धतीपासून अलग करता येत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

फ्लॅटवाउंड तारेच्या पोलादी गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, बोटांची घसर फारशी ऐकू येत नाही आणि वरचे उपस्वर दबतात. जॅझमध्ये चार-पाच भिन्न स्वर एकाच वेळी वाजतात. प्रत्येकाचे उपस्वर मोकळे राहिल्यास स्वरसंघात गढूळ होतो. वेस माँटगोमेरी यांच्यासारख्या वादकांनी जाड फ्लॅटवाउंड तारा पसंत केल्या, त्यामागील तर्क हाच होय.

मिरजेच्या तानपुऱ्यात नेमके उलट घडते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या या वाद्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून येतो. त्याच्या चार तारांवर बहुधा पंचम व षड्ज एवढेच स्वर असल्याने उपस्वर ही अडचण न ठरता संपत्ती ठरते. जवारी व सूत ते फुलवतात. खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. जॅझची कसोटी येथे लावल्यास जवारी हा दोषच ठरेल.

फ्लॅटवाउंड संचांच्या परस्पर तुलनेतही हाच विवेक हवा. निकेलची पट्टी मऊ, तर पोलादाची उजळ वाजते. परंतु नेहमीच्या संचात पहिल्या दोन तारा बिनगुंडाळीच्याच असतात. म्हणजे गुंडाळीतील फरक उरलेल्या चार तारांपुरताच मर्यादित आहे. सारांश, ‘उत्कृष्ट तार कोणती?’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘कोणत्या संगीतासाठी?’ हे आधी विचारावयास हवे.