‘एलिअनेशन’ आणि ‘परात्मता’ : एका संज्ञेच्या मराठी वापराची चिकित्सा

साठोत्तरी मराठी साहित्याच्या समीक्षेत ‘एलिअनेशन’ ही संज्ञा वारंवार येते. तिच्यासाठी परात्मता, परात्मभाव, दुरावलेपण, तुटलेपण असे पर्याय योजले जातात. हे पर्याय एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते. प्रस्तुत लेखात या संज्ञेच्या अर्थच्छटा तपासून तिच्या उपयोजनातील एका दोषाकडे लक्ष वेधावयाचे आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्याचा’ असा आहे. त्यावरून आपली वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा कायद्यातील अर्थ सिद्ध झाला. महाराष्ट्रात हा शब्द आला तो याच अर्थाने, साहित्यातून नव्हे तर महसुलातून. इनाम जमिनींचा महसूल सरकारने सोडून दिलेला असल्याने इंग्रजी राजवटीत त्यांना ‘एलिअनेटेड’ म्हणत. पेशवे दफ्तर ज्या पुण्याच्या कचेरीत होते, तिचे नावही ‘एलिअनेशन ऑफिस’ असे होते. आपल्या भागाचा, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांताचा विचार केला तर १९१६ चा लँड एलिअनेशन अॅक्ट आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती जाऊ नयेत यासाठी होता. मालगुजारी संपुष्टात आणणाऱ्या १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याच्या शीर्षकातही हा शब्द आहे. दवनीवाड्याच्या परिसरातील जुन्या सातबाराधारकास तो शब्द ठाऊक नसेल, व्यवहार मात्र ठाऊक असतो.

मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत (ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये) या व्यवहाराला तात्त्विक आशय दिला. श्रमिक आपण निर्मिलेल्या वस्तूपासून, श्रमक्रियेपासून, आपल्या मानवपणापासून आणि इतर माणसांपासून तुटतो. दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणाऱ्या मजूर स्त्रीच्या उदाहरणाने हे वर्गात चटकन समजते. पुढे अस्तित्ववादी साहित्याच्या प्रभावाने शब्दाला एकाकीपणाची छटा चिकटली. ब्रेख्तच्या नाट्यविचारातील संज्ञा तर जर्मन भाषेत वेगळीच आहे. इंग्रजी अनुवादाने ती याच शब्दात कोंबली. तो स्वतंत्र विषय आहे.

पहिल्या दोन अर्थांत एक गोष्ट समान आहे. आपले असे काही असते आणि ते कोणाच्या तरी हाती जाते. एकाकीपणाच्या अर्थात हा ‘कोणीतरी’ नाहीसा होतो. मराठी समीक्षेने बहुधा हाच तिसरा अर्थ स्वीकारला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘कोसला’ आणि ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही दोन्ही पुस्तके १९६३ ची. दोहोंच्या नायकांना ‘परात्म’ म्हणण्याचा मोह होतो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो हमखास दिसतो. पांडुरंग सांगवीकर पुण्यात रमत नाही, बहिणीच्या मृत्यूने हादरतो, अखेर गावी परततो. त्याला परतण्यासाठी गाव आहे, घर आहे. वडिलांशी न पटणे हाही त्या घरावरील हक्काचाच एक भाग म्हणावा लागेल. येथे ‘तुटलेपण’ हा शब्द बऱ्याच अंशी शोभतो.

बाबूराव बागुलांच्या शीर्षककथेचा निवेदक नोकरीसाठी परमुलखात जातो, जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. तो कशापासून तुटला? ज्या समाजाने मुळात आत घेतलेच नाही, त्यापासून दुरावणे संभवत नाही. जे ताब्यात नव्हते त्याचे हस्तांतरण होत नाही, ही महसुली अर्थातील साधी अट येथे उपयोगी पडते. शिवाय मारणारे हात कोणाचे आहेत, हे कथेत स्पष्ट आहे. ‘परात्मता’ म्हटले की ते हात दिसेनासे होतात आणि सामाजिक गुन्ह्याला मनोवस्थेचे रूप येते. या अवस्थेसाठी मराठीत शब्द नव्हता असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले होते. समीक्षेने तो हाताशी असलेला शब्द सोडून उसना शब्द का घेतला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आदिवासी कवितेच्या बाबतीत मात्र उलट घडते. भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ या संग्रहाचे नावच बिरसा मुंडांच्या ज्या उठावाची आठवण देते, त्याच्या मुळाशी जमिनीचा प्रश्न होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६अ आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालतात, ते याच प्रश्नामुळे. तेथे ‘एलिअनेशन’ हा शब्द त्याच्या सर्वांत जुन्या, महसुली अर्थाने वाचावा लागतो.