महाबोधीचा जीर्णोद्धार : सरकारी खजिना आणि दोन ग्रंथांची साक्ष

२३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी बोधगयेच्या महाबोधी महाविहारासाठी आणि गयेच्या विष्णुपद मंदिरासाठी काशी विश्वनाथाच्या धर्तीवर भव्य परिसर-मार्ग उभारण्याची घोषणा केली. ज्या स्थळी सिद्धार्थ गौतमाला सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्या स्थळासाठी शासन खर्च करू इच्छिते, ही बाब वरकरणी आनंदाचीच आहे. परंतु याच वास्तूवर सरकारी खजिन्यातून यापूर्वीही खर्च झालेला आहे. १८८० ते १८८४ या काळात बंगाल सरकारने महाबोधीचा जीर्णोद्धार केला, आणि त्या खर्चातून काय साध्य झाले व काय अनिर्णित राहिले, याची फळे बौद्ध समाज आजतागायत भोगीत आहे. म्हणून नव्या खर्चाचे स्वागत करण्यापूर्वी जुन्या खर्चाची चिकित्सा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

या चिकित्सेसाठी दोन ग्रंथ आपल्यापुढे आहेत. पहिला, राजेंद्रलाल मित्र यांचा १८७८ साली प्रसिद्ध झालेला 'बुद्ध गया' आणि दुसरा, सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांचा १८९२ सालचा 'महाबोधी'. एक जीर्णोद्धाराच्या आधीचा, दुसरा नंतरचा. बोधगयेविषयी लिहिणारा प्रत्येक अभ्यासक या दोन ग्रंथांचा ऋणी आहे, आणि आम्हीही आहोत. तथापि ऋण मान्य करणे म्हणजे चिकित्सा सोडून देणे नव्हे.

सरकारी खजिना येण्यापूर्वी ही वास्तू कशी टिकली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. महाविहाराभोवतीच्या प्राचीन दगडी वेदिकेच्या अनेक स्तंभांवर कुरंगी नामक आर्येच्या दानाचे लेख कोरलेले आहेत. नागदेवी हे दुसऱ्या एका स्त्रीचे नावही तेथे आढळते. या राजकुलातील स्त्रिया होत्या आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास जातो. पुढे चौथ्या शतकात सिंहलद्वीपाच्या मेघवर्ण राजाने समुद्रगुप्ताची अनुमती घेऊन येथे सिंहली भिक्षूंसाठी विहार बांधविला. ब्रह्मदेशाच्या राजांनी तर वेळोवेळी दुरुस्तीसाठी माणसे आणि द्रव्य पाठविले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या दुरुस्तीचा ब्रह्मी शिलालेखही उपलब्ध आहे. या दानपरंपरेचे एक लक्षण असे की, दाता कोण आणि दान कोणासाठी, हे दोन्ही दगडावर स्पष्ट लिहिलेले असे. दान दिल्याने दात्याला वास्तूची मालकी मिळत नसे. ती संघाची आणि उपासकांचीच राही.

हीच परंपरा १८७७ साली पुन्हा एकदा बोधगयेस आली. ब्रह्मदेशाचा राजा मिंडोन याने भारत सरकारमार्फत परवानगी मिळवून आपली माणसे महाविहाराच्या दुरुस्तीसाठी पाठविली. त्यांचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी बंगाल सरकारने राजेंद्रलाल मित्र यांस पाठविले. त्या पाहणीतून त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला.

मित्र यांचा मुख्य आक्षेप असा की, ब्रह्मी मंडळींनी श्रद्धेच्या भरात जमीन सपाट केली, जुने पाये उखडले, प्राचीन दगड नव्या बांधकामात वापरले आणि त्यामुळे इतिहासाचा पुरावा नष्ट झाला. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही जसाच्या तसा मान्य करतो. पवित्र वास्तूचा पुरावा नष्ट करणे ही श्रद्धेची सेवा होऊ शकत नाही. जे समाज आपला इतिहास हिरावला गेल्याची वेदना सांगतात, त्यांनी तर एकेका विटेची नोंद ठेवली पाहिजे. मित्र यांनी विखुरलेल्या शिल्पांची आणि लेखांची जी नोंद केली, तिचे मोल म्हणूनच मोठे आहे.

परंतु त्यांच्या दृष्टीची मर्यादाही तेथेच दिसते. ब्रह्मी उपासक हे त्यांच्या लेखी पुराव्याची नासधूस करणारे अजाण लोक आहेत. ही वास्तू ज्यांच्या पूजेचा जिवंत विषय आहे असे लोक म्हणून ते त्यांच्याकडे पाहत नाहीत. वास्तू कोणाला कळते, हा प्रश्न ते विचारतात. वास्तू कोणासाठी आहे, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात मागे पडतो. ब्रह्मी मंडळींनी जुना दगड हलविला की तो अपराध ठरतो. मात्र त्याच प्राचीन वेदिकेचे स्तंभ शैव महंतांच्या मठाच्या इमारतीत कित्येक वर्षे रोवलेले होते, त्याविषयी तेवढीच तीव्रता आढळत नाही. हा तराजू सारखा नाही, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो.

यानंतर सरकारने काम स्वतःच्या हाती घेतले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲशली ईडन यांच्या आदेशाने जे. डी. बेगलर यांच्याकडे ते सोपविण्यात आले आणि कनिंगहॅम यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. ढिगारे उपसले गेले, ढासळलेल्या भिंती उभ्या राहिल्या, शिखर सावरले गेले, आणि चार कोपऱ्यांवरील लहान शिखरे नव्याने बांधली गेली. गर्भगृहातील आजची पालकालीन मूर्तीही याच काळात महंतांच्या आवारातून आणून स्थापिली गेली. सुमारे ५० मीटर उंचीचे जे शिखर आज आपण पाहतो, ते या कामाविना कदाचित उभे राहिले नसते. हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता कनिंगहॅम यांच्या ग्रंथाकडे वळू. मोजमापे, छायाचित्रे, लेखांचे ठसे, वज्रासनाखालील उत्खननाचा वृत्तांत, तथागतांच्या चंक्रमणाच्या स्थळाची चर्चा अशी त्याची सामग्री विपुल आहे. चिनी प्रवासी युआन श्वांग याच्या सातव्या शतकातील वर्णनाशी ते प्रत्यक्ष वास्तूचा मेळ घालतात आणि तो बव्हंशी पटतो. तथापि तीन गोष्टी चिकित्सक वाचकाच्या नजरेतून सुटू नयेत.

पहिली गोष्ट काळनिर्णयाची. प्राचीन वेदिका त्यांनी अशोकाची मानली. पुढील संशोधकांनी लेखांच्या आधारे ती शुंगकालीन ठरविली, आणि तिचा काही भाग तर गुप्तकाळातील भर आहे असे दाखविले. अशोकाचे नाव लाभले की वास्तूचे महत्त्व वाढते, हा मोह विद्वानांनाही सुटत नाही. आमच्या मते कुरंगी आणि नागदेवी यांचे दान सम्राटाच्या दानाहून उणे नाही.

दुसरी गोष्ट पुराव्याची. ढासळलेला भाग पुन्हा बांधताना बेगलर यांनी ढिगाऱ्यात सापडलेल्या महाविहाराच्या एका लहान दगडी प्रतिकृतीचा आधार घेतला. प्रतिकृती मोलाची आहे यात शंका नाही. परंतु ती एका विशिष्ट काळातील रूप दाखविते, आणि तेही शिल्पकाराने हातभर दगडात बसविलेले. महाबोधी अनेक शतके वाढत, बदलत गेलेली वास्तू आहे. तिचे कोणते रूप पुन्हा उभे करावयाचे, हा निर्णय मूलतः अनुमानाचा होता. जेथे अनुमान केले तेथे तसे स्पष्ट सांगणे आणि जुने व नवे काम पाहणाऱ्याला वेगळे ओळखता येईल असे ठेवणे, ही आजच्या जतनशास्त्राची पहिली अट आहे. ती येथे पुरती पाळली गेली नाही. शिवाय ज्यांनी काम घडवून आणले त्यांनीच त्याचा इतिहास लिहिला. मित्र यांच्यासारखा बाहेरचा परीक्षक सरकारने ब्रह्मी मंडळींवर नेमला. तसा परीक्षक सरकारच्या स्वतःच्या कामावर कोण होता?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जनतेच्या पैशातून वास्तू उभी राहिली, पण ती कोणाच्या ताब्यात राहावी हे ठरले नाही. सरकारने भिंती दुरुस्त केल्या आणि ताबा जसा होता तसा राहू दिला. कनिंगहॅम यांच्या पांडित्याचा हा विषय नव्हता, असे कोणी म्हणेल. परंतु ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा प्रश्न दाराशी येऊन ठेपलेला होता. जानेवारी १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल बोधगयेस आले होते आणि त्याच वर्षी मे महिन्यात महाबोधी सोसायटीची स्थापना झाली होती.

पुढचा इतिहास परिचित आहे. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी जपानहून आलेली बुद्धमूर्ती धर्मपालांनी महाविहाराच्या वरच्या मजल्यावर स्थापिली आणि महंतांच्या माणसांनी ती हटविली. खालच्या न्यायालयाने त्या माणसांस दोषी ठरविले, परंतु कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो निकाल फिरविला. सरकारी पैशाने उभारलेल्या वास्तूत बौद्धाने बुद्धाची मूर्ती ठेवणे वादग्रस्त ठरले! जीर्णोद्धारात जे ठरविले नाही, ते पंधरा वर्षांच्या आत न्यायालयात गेले आणि तेथे बौद्धांच्या विरुद्ध गेले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली बिहार विधिमंडळाने बोधगया मंदिर कायदा केला. त्यानुसार आठ सदस्यांच्या समितीत चार बौद्ध आणि महंतांसह चार हिंदू, तर गयेचे जिल्हाधिकारी पदसिद्ध अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी हिंदू नसल्यास अध्यक्षपदी हिंदू व्यक्ती नेमण्याची तरतूद मुळात होती. ती २०१३ साली काढण्यात आली. मात्र समितीची घडण तशीच राहिली. हा कायदा संविधान लागू होण्याच्या आधीचा आहे. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक धार्मिक संप्रदायास आपल्या धर्मविषयक बाबींचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. त्या कसोटीवर हा कायदा कसा टिकतो, हे विचारण्याचा अधिकार बौद्धांना आहे. १९९२ साली नागपूरचे भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील हजारो उपासक-उपासिका हाच प्रश्न घेऊन बोधगयेस गेल्या, आणि १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्षूंनी तेथे आरंभिलेले उपोषणही याच प्रश्नावर होते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. धर्मस्थळावर शासनाने खर्चच का करावा, असे आपल्यातीलही काही विवेकवादी मित्र विचारतात. संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही एका धर्माच्या संवर्धनासाठी खास कर घेता येत नाही, हे खरे. परंतु प्राचीन वास्तूचे जतन म्हणजे धर्मप्रसार नव्हे. २००२ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेली ही वास्तू समस्त मानवजातीची ठेव आहे आणि तिच्या भिंतींची काळजी शासनाने अवश्य घ्यावी. आमचे म्हणणे एवढेच की, भिंतींवरील खर्च हा व्यवस्थापनावरील हक्काचा मोबदला ठरू नये. शासन पैसे देते म्हणून शासनाने पूजास्थानाचे नियंत्रण करावे, हा न्याय दानाच्या प्राचीन परंपरेतही बसत नाही आणि संविधानातही बसत नाही.

तेव्हा नव्या परिसर-मार्गाविषयी आमच्या अपेक्षा स्पष्ट आहेत. जागतिक वारसा म्हणून नोंदलेले क्षेत्र ४.८६ हेक्टर एवढेच आहे. त्याच्या भोवतालची भूमी अद्याप पुरती खणली गेलेली नाही आणि तिच्या पोटात काय आहे, हे जाणल्यावाचून तीवर फरशा व दुकाने चढवू नयेत. मित्र यांनी ब्रह्मी मंडळींवर ठेवलेला आक्षेप उद्या आपल्याच शासनावर ठेवण्याची पाळी येऊ नये. आराखडा काम सुरू होण्यापूर्वी हिंदीत आणि इतर भारतीय भाषांत जाहीर व्हावा, आणि त्यावर भिक्षुसंघाचे, पुरातत्त्वज्ञांचे व उपासकांचे म्हणणे ऐकले जावे. विश्वनाथाचा आराखडा शिवालयाभोवतीच्या नगराचा आहे. बोधिवृक्षाखालील ध्यानाच्या स्थळाला शांतता हीच मुख्य शोभा आहे, आणि तो आराखडा तेथे उचलून नेणे अनुचित ठरेल.

आणि बोधगयेच्या माणसांचा विसर पडू नये. १९७८ पासून बोधगयेत भूमिहीन मजुरांनी महंतांच्या अफाट जमिनीविरुद्ध लढा दिला. त्यांत बहुसंख्य भुईया समाजाचे लोक होते, आणि त्या लढ्यातून स्त्रियांच्या नावे जमीन मिळण्याची उदाहरणेही घडली. सुशोभनाच्या नावाखाली या लोकांच्या वस्त्या हटविल्या गेल्या, तर तथागतांच्या करुणेच्या नावाने केलेला तो अन्याय ठरेल. आम्ही बौद्धांनी महाविहाराचा हक्क मागताना या शेजाऱ्यांचा हक्कही त्याच आवाजात मागितला पाहिजे. नाही तर महंत बदलेल आणि मजूर तेथेच राहील.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. गेली शंभराहून अधिक वर्षे महाबोधीच्या जीर्णोद्धाराचा इतिहास सरकारी अधिकाऱ्यांनी आणि विद्वानांनी लिहिला. मित्र आणि कनिंगहॅम या दोघांच्या ग्रंथांचे टीपांसह मराठी भाषांतर, वेदिकेवरील दानलेखांची मराठी संहिता, १८९५ च्या खटल्याचा साधार वृत्तांत ही कामे आपल्या अभ्यास संस्थांनी हाती घेण्यासारखी आहेत. त्यासाठी सरकारच्या खजिन्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कुरंगीने दान दिले तेव्हा तिने आपले नाव प्रत्येक स्तंभावर कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही महाविहार कोणाच्या श्रद्धेतून उभा राहिला याची साक्ष आपल्याला देता येते. आपणही आपली साक्ष लिहून ठेवू या.