स्टेरॉइडचे थेंब आणि ‘प्रतिसादी’ डोळा : एका वर्गीकरणाची चिकित्सा

स्टेरॉइडच्या थेंबांमुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो, हे बेल्जियमच्या ज्यूल फ्रान्स्वा यांनी १९५४ मध्ये नोंदविले. पुढील दशकात आर्माली व बेकर या अमेरिकेतील संशोधकांनी त्या निरीक्षणास प्रयोगाचे रूप दिले. तेव्हापासून आपल्या पाठ्यग्रंथांत रुग्णांचे तीव्र, मध्यम आणि अल्प प्रतिसादी असे तीन वर्ग जणू जन्मजात म्हणून शिकविले जातात. (‘प्रतिसाद’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा; तो अपायास लावावा लागतो, ही गैरसोयच.)

प्रस्तुत वर्ग वाटतात तितके निश्चित नाहीत. आर्माली यांनी डेक्सामेथासोनचे थेंब सुमारे चार आठवडे देऊन दाबातील वाढ मोजली. पाऱ्याच्या १५ मिलिमीटरांहून अधिक वाढ सुमारे ५ टक्के व्यक्तींत, तर ६ ते १५ ची वाढ जवळजवळ एकतृतीयांशांत आढळली. बेकर यांनी बीटामेथासोन वापरले आणि वाढ न पाहता अखेरचा दाब २० च्या खाली, २० ते ३१ वा त्याहून अधिक एवढेच पाहिले. म्हणजे एकाने चढ मोजला, दुसऱ्याने शिखर. ज्याचा दाब १० वरून १९ वर गेला, तो आर्मालींच्या कोष्टकात मध्यम, बेकर यांच्या कोष्टकात अल्प! दोघांनीही ही प्रवृत्ती एका जनुकावर सोपविली. परंतु १९७० नंतरच्या जुळ्यांच्या अभ्यासात एकरूप जुळ्यांतही अपेक्षित साम्य आढळले नाही.

खरा आक्षेप मात्र कालावधीविषयी आहे. ॲलर्जीने दर उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलाला थेंबांनी लगेच आराम पडतो. मग जुन्याच चिठ्ठीवर बाटली पुनःपुन्हा आणली जाते, ऋतूमागून ऋतू. चार आठवड्यांच्या कसोटीत ‘अल्प’ ठरलेला डोळा त्यानंतरही तसाच राहील, याची हमी त्या कसोटीने कधीच दिली नव्हती. दाब बहुधा वेदनेवाचून चढतो. औषध थांबविल्यावर तो पुष्कळदा काही आठवड्यांत उतरतो, पण दृक्‌चेतातंतूंची झालेली हानी भरून येत नाही. भिंगाच्या मागील पृष्ठालगत बसणारा मोतीबिंदू हा आणखी एक अपाय. दाबावर आधारलेल्या या वर्गीकरणात त्याला स्थानच नाही.

पापण्यांवर चोळल्या जाणाऱ्या मलमांचीही तीच गत. भारतात २०१८ च्या अधिसूचनेने अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई झाली. इसबासाठी अशी मलमे पापण्यांवर दीर्घकाळ लावलेल्यांत काचबिंदू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पण त्या रुग्णांना या तिहेरी कोष्टकात कोठे बसवावयाचे, हे कोणताही पाठ्यग्रंथ विचारीत नाही.