व्हर्निअरचे सूत्र आणि व्हर्निअरची युक्ती

अकरावीच्या भौतिकशास्त्राची प्रयोगवही उघडली की पहिल्या काही पानांतच व्हर्निअर कॅलिपर भेटतो. आकृती, तिच्याखाली लघुतम मापाचे सूत्र, मग निरीक्षणांचा तक्ता आणि शेवटी गोळ्याचा व्यास. शिक्षकांच्या शिबिरांच्या निमित्ताने आम्ही अशा बऱ्याच वह्या आणि बाजारात मिळणारी मार्गदर्शक पुस्तके चाळली आहेत. त्यांतील आकडेमोड बहुधा बरोबर असते. आमची तक्रार वेगळी आहे. सरकत्या पट्टीमागची युक्ती कोणती, हे या पुस्तकांत जवळजवळ कुठेच सांगितलेले नसते. आणि ती ठाऊक नसल्यामुळे पाठ केलेले सूत्रही ऐन वेळी दगा देते.

सूत्र दोन प्रकारे देतात. मुख्य पट्टीवरील सर्वांत लहान भागाला व्हर्निअरवरील भागांच्या संख्येने भागा, हा एक प्रकार. मुख्य पट्टीच्या एका भागातून व्हर्निअरचा एक भाग वजा करा, हा दुसरा. शाळेतल्या उपकरणावर ९ मिलिमीटर लांबीचे १० भाग केलेले असतात, म्हणून दोन्हींचे उत्तर ०.१ मिलिमीटर येते आणि दोन्ही सूत्रे एकच आहेत असा समज होतो. पण कारखान्यातल्या काही कॅलिपरांवर ३९ मिलिमीटरचे २० भाग असतात, कारण रेघा दूर दूर असल्या की वाचायला सोपे जाते. येथे व्हर्निअरचा एक भाग १.९५ मिलिमीटरचा. दुसऱ्या सूत्राने लघुतम माप उणे ०.९५ मिलिमीटर येते! एका शिबिरात आम्ही असा कॅलिपर फिरवला, तेव्हा एका अनुभवी गुरुजींनी उपकरणच सदोष असल्याचा निर्वाळा दिला. दोष उपकरणाचा नव्हता आणि गुरुजींचाही नव्हता. व्हर्निअरच्या भागाची तुलना येथे मुख्य पट्टीच्या दोन भागांशी करायची, २ वजा १.९५ म्हणजे ०.०५, हे त्यांना कोणत्याच पुस्तकाने सांगितले नव्हते.

२०१६ सालच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत दोन कॅलिपरांचा एक प्रश्न होता. दोन्हींच्या मुख्य पट्ट्या सारख्याच, सेंटिमीटरचे दहा भाग केलेल्या. एका व्हर्निअरवर मुख्य पट्टीच्या ९ भागांइतक्या लांबीचे १० भाग, दुसऱ्यावर ११ भागांइतक्या लांबीचे १०. दोन्हींचे शून्य २.८ सेंटिमीटरच्या किंचित पुढे आणि दोन्हींवर सातवी रेघ जुळलेली. पहिल्याचे वाचन २.८७ सेंटिमीटर, हे कोणीही सांगेल. दुसऱ्याचेही तेच लिहिले तर चूक. तेथे उत्तर २.८३ आहे. कारण दुसऱ्याच्या रेघा मुख्य पट्टीपेक्षा लांब लांब आहेत, म्हणून वस्तूचे माप वाढेल तशी जुळणारी रेघ मागे मागे येते. हा प्रश्न फसवा आहे असे काही जण म्हणतात. आम्हांला तो अगदी रास्त वाटतो.

गंमत अशी, की ज्याच्या नावाने ही पट्टी ओळखली जाते त्याचे मूळ उपकरणही याच दुसऱ्या जातीचे होते. पिएर व्हर्निए याने १६३१ साली ब्रुसेल्स येथे आपल्या नव्या वृत्तपादाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या वृत्तपादावर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा होत्या आणि सरकत्या कमानीवर अशा ३१ भागांइतक्या लांबीचे ३० भाग. म्हणजे कमानीचा प्रत्येक भाग अर्ध्या अंशापेक्षा एका कलेने मोठा, आणि वाचन थेट कलेपर्यंत. आपल्या विद्यार्थ्याचे वजाबाकीचे सूत्र व्हर्निएच्या स्वतःच्या उपकरणावर उणे उत्तर देईल!

व्हर्निएच्या आधी, १५४२ साली, पेद्रो नूनेश या पोर्तुगीज गणितज्ञाने याच अडचणीवर दुसरा तोडगा सुचवला होता. ९० भागांच्या कमानीच्या आत आणखी ४४ कमानी काढायच्या आणि त्यांचे ८९, ८८ असे करत ४६ पर्यंत भाग पाडायचे. दृष्टिरेषा ज्या कमानीवरील खुणेवर नेमकी पडेल ती शोधायची. ७१ भागांच्या कमानीवरील सतरावी खूण सापडली तर कोन ९० अंशांच्या १७/७१, म्हणजे सुमारे २१ अंश ३३ कला. हे करून पाहणाऱ्या टायको ब्राहेला ते कटकटीचे वाटले, यात नवल नाही. व्हर्निएने पंचेचाळीस कमानींचे काम एका सरकत्या कमानीकडे दिले. जर्मन भाषेत मात्र या पट्टीला आजही नूनेशच्या नावावरून 'नोनिउस' म्हणतात.

दोघांच्या उपायांत समान धागा कोणता? दोन खुणांमधल्या जागेचा अंदाज करण्याचे काम डोळ्याकडून काढून घेणे आणि 'या दोन रेघा एका ओळीत आहेत का?' एवढेच त्याला विचारणे. या दुसऱ्या कामात डोळा विलक्षण तरबेज आहे. शेजारी शेजारी असलेले दोन ठिपके वेगळे दिसायला त्यांच्यात सुमारे एक कला, म्हणजे ६० विकला, अंतर लागते. पण एका रेघेचे टोक दुसरीच्या टोकापासून बाजूला सरकले असेल, तर चांगल्या प्रकाशात ५ ते १० विकलांचा फरकही कळतो. २५ सेंटिमीटरवर धरलेल्या पट्टीच्या भाषेत सांगायचे तर पहिले अंतर सुमारे ०.०७ मिलिमीटर आणि दुसरे ०.०१ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. ०.०२ मिलिमीटर वाचणारा कॅलिपर साध्या डोळ्यांनी वाचता येतो तो यामुळेच. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्यांनी या क्षमतेला व्हर्निअरचेच नाव दिले आहे. जी गोष्ट शिकवायची ती हीच, आणि नेमकी तीच पुस्तकातून गळते.

शून्यदोषाचीही तीच गत. 'धन असल्यास वजा करा, ऋण असल्यास मिळवा' हे मुले परवचा म्हणावा तसे म्हणतात. ऋण दोष काढताना जुळलेल्या रेघेचा क्रमांक दहातून वजा का करायचा, असे विचारले की गप्प. खरे म्हणजे येथे वेगळा नियमच नाही. जबडे मिटले असता व्हर्निअरचे शून्य मुख्य शून्याच्या डावीकडे असेल, तर त्याच्या अलीकडची मुख्य खूण उणे १ मिलिमीटरची. आठवी रेघ जुळली असेल तर उणे १ अधिक ०.८, म्हणजे उणे ०.२. नेहमीच्याच रीतीने वाचले!

सूक्ष्ममापीच्या पानावर सूत्र तेवढेसे फसवत नाही. तेथे मळसूत्र एका फेऱ्यात जेवढे पुढे जाते ते अंतर वर्तुळाकार पट्टीवर पसरून मोठे केलेले असते, ०.५ मिलिमीटर आणि ५० भाग, म्हणजे ०.०१. पण टोकाशी 'टिकटिक' करणारे रॅचेट कशासाठी, हे क्वचितच लिहिलेले आढळते. प्रत्येकाने स्क्रू सारख्याच जोराने आवळावा म्हणून ते आहे. ते सोडून दंडगोल पकडून आवळणाऱ्या विद्यार्थ्याच्या लेखी तार बारीक होते, आणि तक्त्यात मात्र पाचही निरीक्षणे तंतोतंत सारखी उतरतात. अशी वही आमच्या हाती आली की आम्ही तार मागवून घेतो.

कार्डशीटवर फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेली एक लांब पट्टी करावी. दुसऱ्या पट्टीवर ९ सेंटिमीटरचे १० भाग, तिसरीवर ११ सेंटिमीटरचे १०. मिलिमीटरची एकही खूण नसलेल्या या पट्ट्यांनी खडू मोजायला सांगावे आणि मग फूटपट्टीने पडताळा घ्यावा. खडू ७.३ सेंटिमीटरचा असेल तर एका पट्टीवर तिसरी रेघ जुळेल, दुसरीवर सातवी. कोणती पट्टी चुकली, यावर वर्गात जो वाद होईल त्याला एक अख्खी तासिका दिली तरी चालेल.